भावाच्या जबड्याचं थ्रीडी मॉडेल करून घ्यावं का?

पत्र

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे, ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातो. खालच्या जबड्याला उजवीकडे बरेच दिवस सूज होती. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दाढ हलायला लागली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला लावला. तुकडा तपासला तर अमेलोब्लास्टोमा निघाला. कोल्हापूरचे सर्जन म्हणतात, उजवीकडचा जबडा काढून तिथे पायाचं हाड बसवावं लागेल. त्याआधी थ्रीडी प्रिंटिंगने जबड्याचं मॉडेल करून घेऊ, त्याचा खर्च वेगळा. काका म्हणतात, 'हो सगळो पैशे काढूचो धंदो.' आईला वाटतंय की तेच प्लास्टिक तोंडात बसवणार. कुडाळच्या मावसभावाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. तो कीचेन, ट्रॉफ्या आणि मखराचे भाग बनवतो. 'मला फाइल द्या, मी फुकट करून देतो,' असं त्याचं म्हणणं. काय करावं? आणि मॉडेल भावाला दाखवावं का? तो आधीच घाबरलाय.

— एक बहीण, मालवण तालुका

उत्तर

ताई,

आईंची भीती आधी घालवा, तिला फार वेळ लागणार नाही. ते प्लास्टिक तोंडात जात नाही. शरीरात जाते ती टायटॅनियमची पट्टी, तिचे स्क्रू आणि तुमच्या भावाच्याच पायाचं हाड. मॉडेल बाहेर टेबलावर राहतं, सर्जनच्या डोळ्यांसाठी आणि हातांसाठी.

काकांना मात्र असं एका वाक्यात गप्प करता येणार नाही, आणि करूही नये. 'थ्रीडी' म्हटलं की बिलात एक ओळ वाढते, हे खरंच आहे. समजा कोणी हायवेवर मोटारसायकलवरून पडला, जबड्याला एक चीर गेली, तुकडे फारसे हलले नाहीत. तिथे वरचे-खालचे दात नीट जुळवून बांधले की हाड रेषेत येतं आणि समोर दिसणाऱ्या हाडावरच पट्टी बसवता येते. अशा वेळी केलेलं मॉडेल शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचं. अक्कलदाढ काढण्यासाठी कोणी मॉडेल सुचवलं तर काकांनाच बोलायला पुढे करा. तुमच्या भावाची गोष्ट वेगळी आहे.

अमेलोब्लास्टोमा ही दात घडवणाऱ्या पेशींपासून उठणारी गाठ. कॅन्सर नव्हे, पण साधीही नव्हे. ती हाडाला आतून पोखरते आणि बाहेरून फुगवत नेते. नुसती खरवडून काढली तर बऱ्याच जणांना परत होते, कधी दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून गाठीच्या कडेपासून एक ते दोन सेंटिमीटर चांगलं दिसणारं हाडही घेऊन तो भाग अख्खा काढतात. तुमच्या सर्जननी सांगितलेला मार्ग हाच आहे. 'एवढं कशाला, थोडं खरवडून बघू' असं सांगणारा कोणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका.

जबड्याचा तुकडा काढला की उरलेली दोन टोकं जागच्या जागी धरून ठेवायला पट्टी लागते. ती दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, ओळीने भोकं असलेली, टायटॅनियमची असते. हनुवटीच्या वळणापासून जबड्याच्या कोपऱ्यावरून वर कानाच्या दिशेने ती हाडाला चिकटून गेली पाहिजे. जुनीजाणती रीत अशी: हाड उघडं करायचं, कापायच्या आधीच त्याच्यावर पट्टी वाकवून बसवायची, स्क्रूची भोकं पाडायची, पट्टी बाजूला काढायची, हाड कापायचं आणि मग पट्टी पुन्हा त्याच भोकांत कसायची. त्यामुळे टोकं इकडची तिकडे होत नाहीत आणि दातांचा चावा जुळलेला राहतो. रीत उत्तम आहे, आजही चालते.

पण घोडं पेंड खातं ते इथे. भावाच्या जबड्याची बाहेरची बाजूच फुगलेली आहे. त्या फुगवट्यावर पट्टी वाकवली तर गाठ जाईल आणि फुगवटा राहील, फरक एवढाच की तो आता टायटॅनियमचा असेल. म्हणून संगणकावर डावीकडची निरोगी बाजू आरशातल्यासारखी उलटवून उजवीकडे बसवतात. जबडा जसा असायला हवा होता, तसा तयार होतो. तो छापायचा आणि पट्टी त्याच्यावर वाकवायची. कोणाचाच चेहरा दोन्हीकडे तंतोतंत सारखा नसतो, पण बघणाऱ्याच्या लक्षात यावा इतका फरक सहसा पडत नाही.

काकांना हे वाकवण्याचं काम एकदा बघायला मिळालं तर बरं होईल. आधी अ‍ॅल्युमिनियमची एक मऊ पातळ पट्टी मॉडेलवर बोटांनी दाबून आकार घेतात. मग खरी पट्टी दोन पकडींत धरायची, एक पकड या भोकाशी, दुसरी शेजारच्या भोकाशी, आणि थोडं थोडं वळवायचं. दर वेळी मॉडेलवर टेकवून उजेडाकडे धरायचं, जिथे फट राहिलीय तिथून उजेड येतो. जबड्याच्या कोपऱ्याशी सगळ्यांचा घाम निघतो, कारण तिथे पट्टीला वाकही हवा आणि पीळही हवा. जास्त वाकली म्हणून सरळ केली, परत वाकवली, परत सरळ केली की धातू त्या जागी थकतो. पुढे कधीतरी, भाऊ पोटभर जेवायला लागल्यावर, पट्टी नेमकी तिथेच तुटण्याचा धोका राहतो. भोकाचा गोल बिघडला तर स्क्रू घट्ट बसत नाही. हे सगळं रुग्ण भुलीखाली असताना घड्याळाकडे बघत करायचं, की आदल्या दिवशी खुर्चीत बसून निवांत करायचं? वाकवलेली पट्टी मग ऑटोक्लेव्हमधून निर्जंतुक करून ऑपरेशनच्या वेळी थेट वापरतात. हाडांच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांवरच्या अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मॉडेल वापरल्याने ऑपरेशनचा वेळ सरासरी तासाभराने कमी झाल्याचं दिसलं. तासभर भूल कमी म्हणजे काय, ते भूलतज्ज्ञांना विचारा.

पायाच्या हाडालाही मॉडेलचा उपयोग होतो. गुडघ्याखाली दोन हाडं असतात. अंगाचं वजन मुख्यतः पेलतं ते टिबिया, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला असतं ते बारीक फिब्युला. गुडघ्याशी आणि घोट्याशी साधारण सहा-सहा सेंटिमीटर ठेवून मधलं फिब्युला रक्तवाहिन्यांसकट काढतात. खालच्या जबड्यासाठी ही पद्धत न्यूयॉर्कचे डॉ. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली आणि आज जगभर तीच पहिली पसंती आहे. पण फिब्युला सरळ आणि जबडा वळलेला. पाचरी कापून त्याचे दोन-तीन तुकडे करायचे आणि पट्टीच्या वळणात बसवायचे, तेही त्यांचा रक्तपुरवठा सांभाळून. कोणता तुकडा किती लांब, कुठे किती कोनात कापायचा, हे मॉडेल समोर असलं की आधीच ठरतं.

आता एक गोष्ट सांगतो, ती सर्जनना आवडेल की नाही कोण जाणे. ऑपरेशन यशस्वी होणं न होणं मॉडेलवर ठरत नाही. फिब्युलाची रक्तवाहिनी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते. ती मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडायची आणि पुढचे दोन-तीन दिवस रात्रंदिवस तिच्यावर नजर ठेवायची, यात सगळं येतं. जोड बंद पडला तर जगातलं सर्वात सुबक मॉडेलही काही करू शकत नाही. त्यामुळे कोल्हापूरला जाल तेव्हा पहिला प्रश्न मॉडेलचा विचारू नका. फिब्युलाची ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का, रक्तवाहिनी जोडणारे डॉक्टर कोण, रात्री काही झालं तर ते किती वेळात पोचतात, हे आधी विचारा. एका जागी चकाचक प्रिंटर आणि वर्षाकाठी एखादं ऑपरेशन, दुसऱ्या जागी प्रिंटर नाही पण हे काम हातात मुरलेली टीम, अशी निवड करायची वेळ आली तर मी डोळे मिटून दुसऱ्या जागी जाईन. तुमच्या सर्जनकडे दोन्ही असेल तर भाग्यच.

मॉडेलचा प्रश्न दुसरा, आणि तो असा विचारा: 'डॉक्टर, तुम्ही या मॉडेलवर नक्की काय करणार?' उत्तरात पट्टी वाकवणार, कापायच्या रेषा आखणार, हाडाचे तुकडे मोजणार, असं काही आलं तर पैसे कामी लागतायत. 'पेशंटला समजावून सांगायला बरं पडतं' एवढंच उत्तर आलं तर ते समजावणं पडद्यावरही होतं. तिथे काका बरोबर.

स्कॅनकडे तुम्ही स्वतः लक्ष द्या, कारण अशी मॉडेलं बिघडतात ती बहुतेक वेळा स्कॅनमध्येच. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप. सुरमईच्या तुकड्या जाड पाडल्या आणि परत जोडून मासा उभा केला तर त्याची कड पायऱ्यापायऱ्यांची दिसेल, तसंच जाड कापांच्या स्कॅनवरून छापलेल्या जबड्याचं होतं. एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक काप हवेत. बरीच केंद्रं यंत्रावर बारीक काप घेतात आणि सीडीत मात्र जाड काप भरून देतात, कारण रिपोर्टला तेवढे पुरतात. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच 'थ्रीडी मॉडेलसाठी, बारीक काप, डायकॉम फाइल' असं लिहून घ्या. डायकॉम म्हणजे स्कॅनची मूळ संगणकीय फाइल. फिल्म नको, फिल्मचा व्हॉट्सअ‍ॅपवर काढलेला फोटो तर मुळीच नको. मूळ डायकॉम फाइल सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊनच तिथून निघा. पुन्हा फोंडा घाट उतरून-चढून सीडी आणायला जाण्यात दिवस मोडतो.

स्कॅनच्या वेळी भावाने कानातली बाळी, गळ्यातली साखळी काढून ठेवावी. दातांत गॉजची छोटी गुंडाळी धरायला सांगा असं डॉक्टरांनी म्हटलं तर ती धरावी. नाहीतर वरचे आणि खालचे दात स्कॅनमध्ये एकमेकांना चिकटतात आणि छापल्यावर सुटे करता करता नाकी नऊ येतात. यंत्र चालू असताना आवंढा गिळायचा नाही. आधीचा स्कॅन काही महिन्यांपूर्वीचा असेल किंवा त्यानंतर दाढ काढली असेल तर नवा लागेल, तिथे काटकसर करू नका. पायाचाही रक्तवाहिन्यांसकट स्कॅन सांगतील. तो अवास्तव खर्च वाटेल, पण नाही. क्वचित कोणाच्या पायात पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः फिब्युलाजवळच्या वाहिनीवरच अवलंबून असतो. ती काढली तर पाऊलच अडचणीत येतं, म्हणून हे आधी बघावं लागतं.

आता मावसभाऊ. त्याची माया खरी आहे, त्यामुळे त्याला उडवून लावू नका. तो जे यंत्र वापरतो, प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर घालणारं, त्याचं तंत्र अमेरिकेतल्या स्कॉट क्रम्प यांनी १९८९ मध्ये पेटंटसाठी नोंदवलं. त्याआधी १९८४ मध्ये चक हल यांनी प्रकाशाने राळ घट्ट करून वस्तू घडवण्याचं तंत्र काढलं होतं. क्रम्प यांच्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपली आणि यंत्रं धडाधड स्वस्त झाली. म्हणून ते आज कुडाळच्या दुकानात आहे. आणि ते यंत्र जबडा छापायला पुरेसं आहे, यात शंका नाही. मोठ्या रुग्णालयांतही याच जातीची यंत्रं वापरतात.

अडचण छापण्यात नाही. स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, घट्ट हाड हजाराच्या आसपास किंवा वर. या आकड्याच्या वरचं ते हाड, अशी सीमा संगणकाला कोणीतरी द्यावी लागते. सीमा वर नेली की पातळ हाड गायब होतं आणि जबड्यात नसलेली भोकं मॉडेलमध्ये दिसतात. खाली आणली की आजूबाजूचं मांस हाडात धरलं जातं आणि जबडा जाडजूड होतो. भावाच्या जबड्याची भिंत गाठीने जागोजागी कागदासारखी पातळ केलेली असणार, म्हणजे नेहमीची सीमा तिथे लागूच पडणार नाही. शिवाय दातात चांदी भरलेली असेल तर तिच्या पांढऱ्या रेघा स्कॅनभर पसरतात आणि त्या एकेका कापावरून हाताने पुसाव्या लागतात. हे काम करणाऱ्या माणसाला शरीररचना माहीत हवी आणि झाल्यावर सर्जनने ते बघून मंजूर केलं पाहिजे. थ्रीडी स्लायसर किंवा ब्राझीलच्या सरकारी संशोधन केंद्राने काढलेलं इनव्हेसॅलियस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. मावसभाऊ हुशार असेल तर रात्रीत उतरवून घेईल आणि सकाळी जबडा तयार करून दाखवेलही. तो दिसायला झकास असेल, आणि पट्टी वाकवायला धोक्याचा.

पैशाचं गणितही इथेच समजून घ्या. प्लास्टिकच्या तारेचं एक किलोचं रीळ साधारण हजार रुपयांच्या आसपास मिळतं, आणि खालचा जबडा शंभर ग्रॅमही खात नाही. म्हणजे मावसभाऊ जे फुकट देतोय ते या खर्चातलं सगळ्यात स्वस्त प्रकरण. तुमच्याकडून पैसे घेतले जातात ते वरच्या परिच्छेदातल्या कामाचे. तेव्हा सर्जनना सरळ विचारा, 'तुमच्याकडून तयार झालेली एसटीएल फाइल, म्हणजे छपाईची फाइल, आम्हाला दिलीत तर आम्ही छापून आणू का?' काही जण आनंदाने हो म्हणतील. काही जण नाही म्हणतील, कारण त्या मॉडेलवर वाकवलेल्या पट्टीची जबाबदारी शेवटी त्यांची. नाही म्हणाले तर वाद घालू नका. वाचणारी रक्कम वादाइतकी मोठी नाही.

हो म्हणाले तर मावसभावाला एवढं कळवा. फाइल मिलिमीटरमध्ये आहे, मोजमाप शंभर टक्केच ठेवायचं, 'यंत्राच्या बेडवर मावत नाही' म्हणून थोडं लहान करायचं नाही. डावं-उजवं उलटं करणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं, त्याला हात लावायचा नाही, आणि छापल्या छापल्या मार्करने मॉडेलवर 'उजवी' असं लिहायचं. आधार म्हणून छापलेल्या काड्या हळू काढायच्या. कानापाशी जबड्याची मान बारीक असते, तिथे ओढाताण केली की ती मोडते आणि मग फेविक्विक लावून कोणी सांगत नाही. घासायचं नाही, पॉलिश करायचं नाही, रंग तर नाहीच. ट्रॉफीला जी चकाकी लागते तीच इथे पट्टीखाली फट पाडते. पावसाळ्यात आपल्याकडची हवा म्हणजे ओला पंचा, तारेने ओल धरली की छापताना बुडबुडे आणि कोळिष्टकं येतात. तार आधी वाळवून घ्यावी लागेल. आणि लाइट. जबडा छापायला बरेच तास लागतात आणि महावितरणवर एवढा विश्वास कोणी ठेवू नये, यूपीएस लावून बसायचं. शेवटी व्हर्नियर कॅलिपरने दोन-तीन अंतरं मोजून ती फाइलमधल्या अंतरांशी पडताळायची आणि आकडे कागदावर लिहून मॉडेलसोबत पाठवायचे. हा कागद बघून सर्जनचा विश्वास बसेल.

आणखी एक. पीएलए नावाचं हे प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर मॉडेल ठेवलं तर कोल्हापूरला पोचेपर्यंत त्याचा जबडा वाकडा झालेला असेल आणि वरून कळणारही नाही. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत तर त्याचा लगदाच. म्हणून असं मॉडेल ऑपरेशन थिएटरमध्ये निर्जंतुक पारदर्शक पिशवीत घालून किंवा वेगळ्या टेबलावर, नुसतं बघायला ठेवतात.

मावसभावाची हद्द मात्र इथे संपते. हाड कुठे कापायचं ते दाखवणारे साचे, म्हणजे कटिंग गाइड, जखमेत प्रत्यक्ष हाडावर टेकतात. त्यांना शरीराला चालणारं आणि निर्जंतुकीकरण सोसणारं साहित्य लागतं. अशा वस्तूंना आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. कीचेनच्या यंत्रावर ते करायचे नाहीत, कितीही सोपे दिसले तरी.

खर्चाबद्दल एवढंच. रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते बघा. वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि २०२३ मध्ये ते सगळ्या शिधापत्रिकाधारकांना खुलं करायचं ठरलं. तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा आणि नेमकं विचारा: जबडा काढणं आणि हाड बसवणं कोणत्या पॅकेजमध्ये, पट्टी त्यात धरली आहे का, मॉडेल धरलं आहे का. बाहेरून भरायचं असेल तर स्कॅन, संगणकावरचं काम, छपाई, पट्टी असे आकडे सुटे लिहून मागा. 'थ्रीडी पॅकेज' असा एकच गोळा आकडा स्वीकारू नका.

तारखेबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण घरात बंदीचा विषय निघालाच असेल. १ जून ते ३१ जुलै समुद्र बंदच असतो. ऑपरेशन त्याच्या थोडं आधी झालं तर विश्रांतीचे पहिले महिने आयतेच मिळतील. पण आता नारळी पौर्णिमा तोंडावर असेल आणि 'हा हंगाम मारून पुढच्या बंदीत बघू' असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. गाठ हळू वाढते, काही आठवड्यांनी बिघडत नाही. वर्षाने बिघडतं, कारण तेवढं हाड जास्त कापावं लागतं. पायाचं सांगायचं तर बहुतेक जण काही आठवड्यांत नीट चालतात. काहींना घोटा आखडल्यासारखा वाटतो, अंगठा वाकवायला जोर कमी पडतो. हलत्या डेकवर उभं राहायचं आणि दोर ओढायचे म्हणजे घोट्यावर भरवसा हवा, तेव्हा बोटीवर कधी जायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा. तांडेलाला नव्हे.

राहिला शेवटचा प्रश्न. दाखवा. जबडा त्याचा, संमतीच्या कागदावर सही त्याची. पण घरी पाचपन्नास माणसांत, हातोहात फिरवत दाखवू नका. सर्जनच्या खोलीत, त्यांनीच दाखवावं. दोन मॉडेलं असतील, आजच्या फुगलेल्या जबड्याचं आणि नंतरच्या जबड्याचं, तर दोन्ही त्याच्या हातात द्यायला सांगा. माणसं घाबरतात ती बहुतेक वेळा न दिसणाऱ्या गोष्टीला, आणि हा मुलगा तर रोज लाटा बघणारा आहे. 'नको, मला बघायचं नाही' म्हणाला तर तिथेच थांबा.

त्या वेळी सर्जनना एक गोष्ट मॉडेलवर बोट ठेवून दाखवायला लावा. हनुवटीच्या बाजूला हाडात एक छोटं छिद्र असतं. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस जबड्याच्या आतून येऊन तिथून बाहेर पडते. जबड्याचा तो भाग काढताना ही नस बहुधा जाते आणि उजवीकडचा ओठ व हनुवटी बधिर राहते. ओठ हलतो, कळत नाही एवढंच. गरम चहाने भाजलेलं कळत नाही, पेज ओघळलेली कळत नाही. नस जोडता येईल का, ते त्यांना विचारा. हे ऑपरेशननंतर कळलं तर माणूस खचतो आणि डॉक्टरांवर चिडतो. आधी कळलं तर सवय करून घेतो.

घरी परतताना स्कॅनची डायकॉम फाइल, एसटीएल फाइल आणि तपासणीचा रिपोर्ट पेनड्राइव्हवर मागून घ्या आणि एक प्रत मावसभावाच्या संगणकावर ठेवा. नव्या हाडात दात बसवायची वेळ आली की त्या फाइली लागतील, आणि गाठ परत उठली नाही ना हे बघायला पुढची कित्येक वर्षं दरवर्षी जावं लागेल तेव्हाही. सीडी आपल्या दमट हवेत बुरशी धरते, तिच्यावर विसंबू नका.